थोरांच्या घरी पाहुणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. आमचे शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचे आणि उभी हयात गेली ती शाळेतील फळ्यापुढे. तेव्हा गहन तत्त्वज्ञानावर अथवा राष्ट्राच्या अर्थकारणावर बोलण्याचा आमचा अधिकार नव्हे. परंतु तीस-बत्तीस वर्षे दर हिवाळ्यात मुलांच्या सहली घेऊन आम्ही हिंडलो, आणि त्या सहलींत किल्ले व देवालये यांच्याइतकीच थोर स्त्रीपुरुषांची राहती घरे आम्ही पाहिली. घर तेच असे; मुले मात्र दरसाल नवी. त्यामुळे घराइतकेच ते पाहणाऱ्यांकडेही पाहण्याची सवय आम्हांस लागली. अशा घरी गेलेल्या माणसास काय दिसते, काय दिसत नाही आणि परत येताना तो बरोबर काय आणतो, हा आजचा आमचा विषय आहे.

विषय निवडण्यास निमित्तही तसेच झाले. आपल्या मंडळाच्या संस्थापकांचे पेठेतील जुने घर त्यांच्या वारसांनी उदार मनाने मंडळाच्या स्वाधीन केले आहे. त्याचे स्मारक कसे करावे, याविषयीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे, आणि त्याचा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला आपण सर्वांनी पाहिलाच असेल. ओसरी व माजघर यांमधील भिंत काढून एक मोठे दालन होणार. त्यात ग्रॅनाइटची फरशी, मध्यभागी संस्थापकांचा अर्धपुतळा आणि कडेने काचेची कपाटे. स्वयंपाकघराच्या जागी प्रसाधनगृहे येणार. परसदारी फरसबंदी होऊन वाहने उभी करण्याची सोय होणार. ज्यांनी हा नकाशा करविला त्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही तो नकाशा पाहिल्यापासून आमच्या मनास स्वस्थता नाही. ती का नाही, हे सांगण्यासाठी आपणांस आधी थोडे फिरवून आणावे लागेल.

वस्तुसंग्रहालयात आपण प्रेक्षक म्हणून जातो. तेथील तलवार कोणाची होती हे पाटीवर वाचतो आणि पुढच्या तलवारीकडे वळतो. घराची गोष्ट निराळी आहे. घरात शिरणारा मनुष्य, त्याच्या नकळत, पाहुणा होतो. उंबरठ्यापाशी तो वहाणा काढतो. दार ठेंगणे असेल तर वाकतो. आवाज आपोआप खाली येतो. घरधनी मृत्यू पावून शंभर वर्षे लोटली असली तरी कोणी तरी आतून ‘या’ म्हणेल, असे त्याला क्षणभर वाटते. हा क्षण फार नाजूक असतो. पुढे लगेच तिकिटाची खिडकी, सूचनांचे फलक आणि ध्वनिक्षेपक आला की तो विरून जातो आणि पाहुण्याचा पुन्हा प्रेक्षक होतो.

मुलांच्या बाबतीत हा फरक आम्हांस फार स्पष्ट दिसे. मोठी माणसे अशा घरात गेली की आधी तारखा वाचतात, मग छायाचित्र काढून घेतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर येऊन चहाची चौकशी करतात. मुले मात्र पाहुण्यासारखे प्रश्न विचारतात. ते कोठे निजत? आंघोळ कोठे करीत? त्यांना रात्री भीती वाटे का? त्यांना जेवायला कोण वाढी? दाखविणाऱ्या गृहस्थांपाशी या प्रश्नांची उत्तरे बहुधा नसतात. त्यांना जन्मतिथी, पुण्यतिथी आणि भेट देऊन गेलेल्या मंत्र्यांची नावे मुखोद्गत असतात. एका ठिकाणी तर ‘असले प्रश्न विचारू नयेत’ असेही एका मुलीस बजावण्यात आले होते. तिचा प्रश्न एवढाच होता की या घरात न्हाणीघर का दिसत नाही. आम्हांस विचाराल तर त्या दिवशी त्या घरात विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता.

आता मुंबईच्या मणिभवनाकडे चला. गावदेवीत लॅबर्नम रोडवर झाडांच्या सावलीत ही दुमजली वास्तू उभी आहे. ती महात्माजींचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची. १९१७ पासून १९३४ पर्यंत महात्माजी मुंबईस आले की येथेच उतरत, आणि १९१९ चा रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह येथूनच आखला गेला. १९५५ पासून ती स्मारक म्हणून जतन केलेली आहे. तळमजल्यावर ग्रंथालय, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, आणि त्याच मजल्यावर लहान लहान बाहुल्यांच्या द्वारे उभे केलेले त्यांच्या चरित्रातील प्रसंग. खोलीत आपणांस जाता येत नाही. काचेपलीकडून पाहावे लागते. गादी, तक्क्या, ठेंगणे मेज, चरखे. मुले काचेला नाक लावून दोन मिनिटे पाहत आणि बाहुल्यांकडे धावत. त्यात त्यांचा दोष नव्हता. काचेपलीकडची खोली कितीही खरी असली तरी चित्रासारखी होऊन बसते; उलट बाहुल्यांत निदान काही तरी घडत तरी असते.

एके वर्षी आम्ही मुलांस काचेपाशीच थांबवून पिंजाऱ्याची हकीकत सांगितली. महात्माजींनी ती आत्मचरित्रात नमूद केलेली आहे. ते आजारातून उठत होते; खोलीत चरखा फिरू लागला होता; परंतु पेळूंसाठी कापूस पिंजून कोण देणार? रेवाशंकरभाईंच्या घरावरून एक पिंजारी रोज जात असे. गाद्यांसाठी कापूस पिंजण्याचा त्याचा धंदा. त्याला वर बोलावण्यात आले आणि पिंजण्याचा पहिला धडा त्याच्यापाशी घेण्यात आला. हे ऐकताच वीस-बावीस मुले काच सोडून रस्त्याकडील खिडकीशी जमली आणि खाली वाकून पाहू लागली. रस्त्यावर काही नव्हते. एक टॅक्सी उभी होती. परंतु त्या मुलांनी पिंजारी पाहिला, हे आम्ही खात्रीने सांगतो. परतताना गाडीत त्यांची चर्चा चालली ती त्याला वर कोण बोलावून आणावयास गेले असेल याची. तीच गोष्ट गच्चीची. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गच्चीवरील तंबूतून महात्माजींना अटक झाली. पुस्तकात ही एक ओळ आहे. पण जिना चढून गच्चीवर उभे राहिले आणि भोवतालची घरे किती जवळ आहेत हे पाहिले, म्हणजे पहाटेच्या अंधारात किती खिडक्या उघडल्या असतील याचा विचार आपोआप मनात येतो. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग हिंदुस्थानात आले असता त्यांनी याच वास्तूत मुक्काम केला. पाहण्यासाठी येणारे पुष्कळ. राहून गेलेला हा पाहुणा विरळा.

सेवाग्रामचा अनुभव याच्या अगदी उलट. तेथे काच नाही. महात्माजी त्या खेड्यात १९३६ साली राहावयास गेले तेव्हा घरासाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य व मजूर आसपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. पहिले झाले ते आदिनिवास. आज ज्यास आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेन यांनी आपल्यासाठी बांधविली होती. पुढे महात्माजी तीत राहू लागले. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेली ताडाची झाडे व चरखा आहे. बाहेर वहाणा काढून, वाकून आत जावे लागते, आणि आत गेल्यावर उभे राहून पाहण्याजोगे फारसे काही नसते. पुष्कळ लोक म्हणूनच निराश होतात. ‘एवढेच?’ हा शब्द आम्ही त्या दारात कितीदा ऐकला याची गणती नाही.

परंतु त्या कुटीत खाली बसून पाहावे. ती बसणाऱ्या माणसासाठी बांधलेली आहे. उभ्याने पाहिले तर ती रिकामी आणि ठेंगणी वाटते. चटईवर मांडी घातली की लिहिण्याची जागा, उजेड येण्याची बाजू, भेटीस आलेल्याने बसावयाचे ठिकाण, हे सारे एकमेकांशी जुळून येते. मग ध्यानात येते की ज्या मनुष्यास भेटण्यासाठी देशोदेशीची माणसे येत, त्याच्यापुढे व्हाइसरॉयनाही जमिनीवरच बसावे लागले असते. बाजूलाच टेलिफोनची खोली आहे. हे यंत्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिले, कारण दिल्लीस निकड असे, सेवाग्रामास नसे. साप पकडून दूर नेऊन सोडण्याचा लाकडी पिंजराही तेथे ठेवलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यांस स्वराज्याच्या चळवळीपेक्षा त्या पिंजऱ्याचेच कौतुक अधिक, आणि खरे पाहता अहिंसा म्हणजे काय हे त्यांना त्या पिंजऱ्याने जितके कळले तितके आमच्या तासाने कळले नसेल.

१९७८ साली इव्हान इलिच नावाचे एक विद्वान विचारवंत सेवाग्रामास आले होते. ते त्या कुटीत काही वेळ नुसते बसून राहिले आणि मग त्यांनी तिच्याविषयी भाषण केले. त्यांनी मोजले ते असे : या कुटीत सात प्रकारच्या जागा आहेत. जोडे काढण्याची जागा, मधली मोठी खोली, महात्माजींची बसण्याची व कामाची जागा, पाहुण्यांची, आजाऱ्यांची, पडवी आणि स्नानगृह. एवढ्या लहान घरात आजाऱ्यासाठी आणि पाहुण्यासाठी स्वतंत्र जागा आहे, हे आम्ही कित्येक वेळा जाऊनही मोजले नव्हते. परदेशाहून आलेल्या माणसास ते दिसले, कारण तो बसला. ऑगस्ट १९४६ मध्ये महात्माजी सेवाग्राम सोडून गेले ते पुन्हा तेथे परतले नाहीत. तेथे ठेवलेला त्यांचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ साली उघडकीस आले तेव्हा सर्वत्र हळहळ झाली. हळहळ योग्यच होती. परंतु चष्मा गेला तरी कुटी गेली नाही. आणि समजा, चष्मा राहिला असता व कुटीच्या जागी संगमरवरी मंदिर बांधले असते, तर? वस्तू आणि जागा यांत अधिक मोलाचे काय, याचा निर्णय आपण श्रोत्यांनीच मनाशी करावा.

वस्तूंच्या हव्यासापायी काय होते याचे एक उदाहरण आम्ही, स्थळाचे नाव न घेता, सांगतो. एका थोर पुरुषाच्या जन्मघरी मूळच्या वस्तू फारशा उरलेल्या नव्हत्या. म्हणून व्यवस्थापकांनी बाजारातून जुनी भांडी, पाळणा, पगडी व समई विकत आणून मांडली आणि कोपऱ्यात रंगविलेला एक पुतळा बसविला. पाटीवर मात्र ‘वापरातील वस्तू’ असे लिहिले. एका मुलाने पाळण्याखाली वाकून पाहिले; तेथे दुकानदाराने खडूने लिहिलेली किंमत तशीच होती. त्यानंतर त्या घरातील खऱ्या भिंतींवरही मुलांचा विश्वास बसेना.

याउलट आम्सटरडॅम शहरातील एका घराची हकीकत आम्ही वाचली आहे. ते स्वतः पाहण्याचा योग आम्हांस आला नाही. ॲन फ्रँक नावाची ज्यू मुलगी जुलै १९४२ पासून दोन वर्षे आईबाप, बहीण व आणखी चौघे यांच्यासह तेथे मागल्या भागात लपून होती. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना पकडून नेण्यात आले आणि खोल्यांतील सामानसुमान नंतर हलविण्यात आले. आठांपैकी एकटे वडील ऑटो फ्रँक जिवंत परतले. १९६० मध्ये ते घर लोकांस पाहण्यास खुले झाले तेव्हा खोल्या रिकाम्याच ठेवाव्या, ही त्यांची इच्छा होती. आजही त्या रिकाम्या आहेत. भिंतीवर मुलींची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या आहेत. त्या दोन वर्षांत धाकटी तेरा सेंटिमीटरांहून अधिक वाढली. मुलांची उंची दारावर मोजून ठेवण्याची रीत आपल्याही घराघरांत आहे. तेव्हा त्या खुणांपुढे उभ्या राहणाऱ्या आईबापांच्या मनात काय येत असेल ते वेगळे सांगावयास नको. तेथे कोणी नवा पलंग आणून ठेवला असता तर ती रेघ कोणाच्या दृष्टीस पडली असती?

पुण्यास गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा आहे. ही पेठ आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वाडा लहान आहे. वाडा म्हणावा की घर, असा प्रश्न पडेल इतका. भिंतींवर चरित्रप्रसंगांची चित्रे लाविली आहेत, अंगणात जोतीरावांची समाधी आहे, आवारात विहीर आहे. सहलीतील मुले चित्रांवरून झरझर जात, आणि विहिरीपाशी थबकत. मुलांना पाण्यापाशी थांबण्याची खोडच असते. तेथे आम्ही त्यांना सांगत असू की १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस खुला केला. मग आम्ही त्यांस पाण्यापासून घराच्या दारापर्यंतची पावले मोजावयास लावीत असू. मोजकीच भरतात. तेव्हा मुलांच्या लक्षात येई की हा हौद गावाबाहेरचा नव्हता, घरच्या दारातला होता; पाणी न्यावयास येणारा मनुष्य घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर येत होता, आणि शेजारीपाजारी ते पाहत होते. सभेतील ठराव निराळा आणि स्वतःच्या अंगणातले पाणी निराळे, हे पुस्तकात शिकविता येत नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना हा हौद वगळून पुढे जाणे सोयीचे होते. परंतु त्याच्याशी आपल्या घराचाही संबंध आहे, तो पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट चुलीची. थोरांच्या घरांत बैठकीची खोली असते, लिहिण्याची असते, देवघर असते. स्वयंपाकघराला बहुधा कुलूप असते, नाही तर तेथे व्यवस्थापकांची कचेरी थाटलेली असते. जणू त्या घरातील पुरुष वाऱ्यावर जगत होते! सेवाग्रामास निदान बा-कुटी वेगळी दाखविली जाते, हे चांगले आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन नावाचे घर आहे. ते मोडकळीस आले तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी १८५३ साली स्त्रियांची एक संस्था स्थापिली, देशभर वर्गणी जमविली आणि दोन लक्ष डॉलर मोल ठरवून ते घर व भोवतालची जमीन खरेदी केली. आजही ते त्याच संस्थेच्या ताब्यात आहे. एखाद्या संस्थेने घर कसे राखावे याचा हा कित्ताच. परंतु तेथेही प्रारंभी दीर्घकाळ पाहुण्यास धन्याच्या खोल्याच प्रामुख्याने दिसत. १७९९ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या वर्षी, त्या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. हर्क्युलिस नावाचा त्यांचा नामांकित आचारी गुलामच होता आणि १७९७ साली तो निसटून गेला. गुलामांच्या दफनभूमीवर पहिली शिळा बसली १९२९ मध्ये आणि मोठे स्मारक झाले १९८३ मध्ये. आता पाहुण्यांस त्यांच्या राहण्याच्या जागाही दाखविल्या जातात. त्यामुळे वॉशिंग्टन यांच्या कीर्तीस उणेपणा आला असे म्हणणारे तेथेही असतील. पण घर पाहावयास जाणाऱ्यांची रीघ काही त्यामुळे थांबलेली नाही.

घर म्हटले की शेजार आलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असता १९२१-२२ साली किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. परंतु राहत्या घराचे संग्रहालय करण्यास स्थानिक परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. पाहुण्यांची वर्दळ व गलबला होतो, अशी शेजाऱ्यांपैकी काहींची तक्रार होती. चौकशी होऊन २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. आपले काही बांधव त्या वेळी शेजाऱ्यांवर रागावले होते. पण त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे होते. मुंबईस हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ पाहा. ग्रंथांसाठी बांधलेले ते घर. खाली संग्रहालय आणि वर आजही कुटुंबीय राहतात. तेथे जाणाऱ्याने आवाज किती ठेवावा हे पाटी लावून सांगावे लागू नये. आपल्या पेठेतही बोळ अरुंद आहे आणि शेजारी म्हाताऱ्या माणसांची बिऱ्हाडे आहेत. परसदारी दहा मोटारी उभ्या करण्यापूर्वी त्यांना विचारले आहे काय?

संस्थेस असे काम झेपेल का, ही शंका काही सभासदांनी काढली. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडास जाऊन यावे. केशवसुतांचे जन्मघर तेथे आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने ते सावरले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर कोकणातील साध्या गृहस्थाचे होते, ते साधेच ठेवले. कविता शिळांवर कोरून बाहेर बागेत उभ्या केल्या. घरात घर आणि बागेत स्मारक, ही वाटणी आम्हांस फार आवडली. (केशवसुतही मॅट्रिकच होते आणि पेशाने शिक्षकच. आमचे साम्य तेथेच संपते!)

आता आपल्या घराकडे येतो. संस्थापकांनी काय केले हे या सभागृहात सर्वांस ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतून इंग्रजी शाळेसाठी आलेल्या ज्ञातीतील मुलांना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि स्वतःच्या मिळकतीतून जेवू घातले. हे वाक्य दरवर्षी अहवालात छापले जाते. परंतु जेवू घातले म्हणजे काय, ते त्या घरात गेल्याशिवाय कळत नाही. स्वयंपाकघराची उत्तरेकडील भिंत चुलीच्या धुराने छतापर्यंत काळी झालेली आहे. ज्या माउलीने त्या चुलीपुढे रोज पंधरा-सोळा मुलांच्या भाकऱ्या भाजल्या, तिची तसबीर आपल्या कार्यालयात नाही. तिचे स्मारक म्हणून ती काळी भिंत तेवढी उरली आहे, आणि नकाशाप्रमाणे तेथे पांढऱ्या फरश्या बसून प्रसाधनगृह व्हावयाचे आहे. पडवीतील जाते अद्याप जागेवर आहे. त्याचा खुंटा हाताने झिजलेला आहे. माळ्यावर मुले निजत. माळा इतका ठेंगणा की तेरा वर्षांच्या मुलासही ताठ उभे राहता येत नाही. तुळईवर चाकूने कोरलेली नावे आहेत. त्यांतील दोन नावे पुढे या मंडळाच्या अध्यक्षांच्या यादीत सापडतात. मधली भिंत काढली की माळा उतरवावा लागेल आणि ती तुळई लाकडाच्या वखारीत जाईल.

आणि परसदारचा दगड. विहिरीपासून पाच-सहा पावलांवर तो आहे. झाडलोट करणारी, मैला वाहणारी माणसे तेथे ओंजळ धरून उभी राहत आणि वरून पाणी ओतले जाई. ज्या घराने पोरक्या मुलांस जेवू घातले त्याच घरच्या परसात हा दगड होता. त्या काळच्या बहुतेक घरांत तो होता, हे खरे. म्हणून आपल्या घरचा तेवढा दिसेनासा करावा, हे आम्हांस पटत नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस खासगीत विचारले, की हा दगड दाखवून संस्थापकांची अप्रतिष्ठा करावयाची आहे काय? आम्ही त्यांस इतकेच म्हणालो की, नातवंडांस घेऊन जाल तेव्हा ती विचारतीलच. उत्तर त्या दगडापाशी उभे राहून द्यावे, हे बरे. त्यांचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. हा मुद्दा सभेत निघेल आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाईल. तसे बोलले जावे.

पुतळ्यास आमचा विरोध नाही. तो नव्या इमारतीच्या आवारात बसवावा. तेथे जागा ऐसपैस आहे. वर्गणीदारांच्या नावांची शिळाही तेथेच शोभेल. प्रसाधनगृहे अवश्य हवीत. ती गोठ्याच्या जागी होऊ शकतात, गोठ्याचे छप्पर केव्हाच पडलेले आहे. दालनात दोनशे माणसे बसतील असे सांगतात. दोनशे माणसांच्या सभेसाठी आपणांस हे सभागृह आहे. त्या घरात एका वेळी पंधरा माणसे गेली तर पुरे. त्यांना जमिनीवर बसता यावे, जात्याचा खुंटा धरून पाहता यावा, माळ्यावर चढता यावे. काचेचे एकच कपाट असावे, आणि त्यात संस्थापकांची हिशेबाची वही ठेवावी, कारण ती हाताळून फाटेल. बाजारातून काही आणू नये.

कामास घाई आहे ती वेगळ्या कारणाने. पश्चिमेकडील कौले सरकली आहेत; पावसाळ्यापूर्वी ती फेरली नाहीत तर तुळई राखण्याचा वाद करावयास तुळईच राहणार नाही. दुसरे असे की, त्या घरी लहानपणी जेवलेले अथवा त्या घरच्या बायकांच्या हाताखाली कामास असलेले जे कोणी आज हयात आहेत, ते सर्व ऐंशीच्या पुढे आहेत. मांडणी कोठे होती, रात्री कंदील कोठे टांगत, पोरे रांगेने बसत ती कोणत्या भिंतीशी, हे त्यांनाच ठाऊक. आपल्या ज्ञातीबाहेरची एक म्हातारी, जिची आई त्या परसात कामास येई, ती अद्याप गावात आहे. तिलाही विचारावयास आम्ही जाणार आहोत.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मोजपट्टी व वही घेऊन त्या घरी असू. किल्ली कार्यालयातून मिळाली आहे. ज्यांना सभेपूर्वी घर पाहावयाचे असेल त्यांनी यावे, मुलांस बरोबर आणावे आणि बसावयास चटई आणावी. तेथे खुर्च्या नाहीत.